उसवलेल्या दर्जा

पश्चिमेच्या भिंतीलगतची फरशी झाडली की रोज सुपलीत मूठभर लाल भुकटी यायची. आईचं म्हणणं, मुंग्या माती काढतायत. मीही वर्षभर मुंग्यांची पावडर टाकत राहिले. मुंग्या नव्हत्याच. वीट झरत होती.

घर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आजोबांनी १९३८ साली बांधलेलं. जोत्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत काळा दगड, त्यावर वीट, डोक्यावर मंगलोरी कौलं. शनिवारवाड्याच्या तटालाही खाली दगड आणि वर वीट अशीच मांडणी आहे, फक्त आमच्या दाराशी हत्ती येत नसत. मागच्या पश्चिमेच्या भिंतीला मात्र दगड गुडघ्याएवढाच, बहुतेक पैसे संपले असावेत. आतून सगळीकडे गिलावा, बाहेरून वीट उघडी. दोन विटांमधल्या भरलेल्या सांध्याला आमच्याकडे दर्ज म्हणतात आणि तो नव्याने भरायच्या कामाला दर्जा भरणं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दोन हिवाळे या कामात घातले. शिकले त्यातलं निम्मं मामांकडून, निम्मं चुकून. मामा नात्याने कुणी नव्हेत. सत्तरी ओलांडलेले गवंडी, सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो.

१. दर्ज झिजते, कारण झिजायचं काम तिचंच आहे

२००९ साली दर्जा आत गेल्यासारख्या दिसू लागल्या तेव्हा मी एका ठेकेदाराला काम दिलं होतं. त्याने चार दिवसांत अख्खी पश्चिम भिंत उरकली. एकास तीन सिमेंटचा माल, वर करड्या सरळ रेघा, जणू कुणी भिंतीवर वही आखून दिली. मी खूश. शेजारच्या वहिनींनी तर त्याचा नंबरही मागून घेतला, बिचाऱ्या.

तीन पावसाळे काही झालं नाही. चौथ्यानंतर विटांच्या तोंडाचे पापुद्रे सुटायला लागले. दहा वर्षांत काही विटा अर्धा इंच आत गेल्या, आणि सिमेंटच्या रेघा होत्या तिथेच राहिल्या. मध काढून घेतल्यावर पोळ्याची नुसती घरं उरावीत, तशी ती भिंत दिसायची. म्हणजे झिजायला पाहिजे होतं ते टिकलं, आणि टिकायला पाहिजे होतं ते रोज माझ्या सुपलीत येत होतं.

मामांनी पहिल्या दिवशी हातोडीखेरीज काही हत्यार काढलं नाही. तिच्या टोकाने एका रेघेवर टकटक केलं. खणखणीत आवाज आला. मग शेजारच्या विटेवर अंगठ्याचं नख ओढलं. नखात लाल पीठ.

"ताई, कापडापरास दोरा दणकट घातला की कापाड फाटतं," ते म्हणाले. "दोरा तुटला तर तुटू द्यावा की. परत घालता येतो."

आईने तीस वर्षं गावातल्या बायकांची पोलकी शिवली. ती ओसरीवरून म्हणाली, "बरोबर बोलतायत ते. मांजरपाटाला नायलॉनचा दोरा घालतं का कुणी?"

त्यामागचं कारण साधं आहे. उघड्या विटेच्या भिंतीत पाऊस शिरतोच, तो कुणाला अडवता येत नाही. प्रश्न एवढाच, की शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडणार. चुन्याची दर्ज सच्छिद्र असते. पाणी तिच्यातून वाळत जातं, जाताना सोबतचे क्षार तिच्यात सोडतं, आणि पन्नास-साठ वर्षांनी ती भुसभुशीत होते. सिमेंटची दर्ज त्या मानाने दाट. मग पाणी विटेतून बाहेर पडू लागतं. पाणी उडून जातं, क्षार विटेच्या तोंडामागे साचतात, त्यांचे खडे बनतात, आणि ते खडे विटेचं तोंड आतून ढकलून पाडतात. त्यात दुसरी गोष्ट: उन्हाळ्यात भिंत तापते, रात्री निवते, थोडीशी हलते. मऊ दर्ज ती हालचाल पोटात घेते. ताठ दर्ज ती विटेवर ढकलते.

सिमेंटशी माझं वैर नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ आस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं, आपल्याकडे पोरबंदरला कारखाना सुरू झाला १९१४ साली. स्लॅब, कॉलम यांना ते हवंच. पण पोत्यावर छापलेला ५३ हा आकडा बघा. एक भाग सिमेंट आणि तीन भाग प्रमाणित वाळूचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन दाब सोसतो, असा त्याचा अर्थ. भारतीय मानकात विटेची सगळ्यात खालची प्रत ३.५ ची आहे. गवंड्याने कालवलेला माल ५३ पर्यंत जात नसेल, आणि आमची वीट कुणी दाबयंत्रात घालून पाहिलेली नाही. पण नखाने जिचं पीठ निघतं तिच्याशेजारी मी काय बसवलं होतं, ते कळायला एवढं पुरे.

जाता जाता: फारसीत दर्ज म्हणजे शिवण, आणि शिवतो तो दर्जी. मामांना हे ठाऊक असायचं कारण नाही. प्रतीचा 'दर्जा' हा वेगळाच शब्द, तो अरबीतून आला. २००९ च्या कामात दोन्ही नव्हते.

२. भरण्याआधी एकदा पावसात उभ्या राहा

मामांनी पहिल्या वर्षी दर्जा भरायला चक्क नकार दिला. "आधी पानी कुठनं येतं ते बघा. मी दिवाळीनंतर येतो."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चांगली झड लागली तेव्हा मी छत्री घेऊन मागच्या दारी तासभर उभी राहिले. आयुष्यभर त्या घरात राहून हे कधी केलं नव्हतं. पावसात आपण घरात असतो, भिंत बाहेर.

तीन गोष्टी दिसल्या. पागोळीचं एक कौल सरकलेलं होतं आणि तिथून धार थेट भिंतीवर. पन्हळीचा सांधा गळत होता, बरोबर जिथे भिंत सगळ्यात जास्त खाल्ली होती तिथे. तिसरी गोष्ट मात्र माझीच करणी. चिखल नको म्हणून मी मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. त्यांचा उतार भिंतीकडे. पागोळीचं पाणी ब्लॉकवर आपटून दोन फूट उंच उडत होतं. पूर्वी मातीवर पडायचं, मुरायचं. खालच्या विटांना लागलेला पांढरा लोणा कुठून आला, ते त्या तासाभरात कळलं.

कौल बसवलं, पन्हळ बदलली, भिंतीलगतची ब्लॉकची एक ओळ उखडून तिथे खडी घातली. लोणा मात्र पाण्याने धुऊ नका. मी धुतला होता. छान स्वच्छ दिसली भिंत, आणि आठ दिवसांत पुन्हा पांढरी, कारण धुतलेलं मीठ पाण्यासोबत परत विटेत गेलं. कोरड्या कुंच्याने झाडायचं, खाली कागद धरायचा आणि तो कागद कुंडीत नाही, कचऱ्यात टाकायचा.

३. किल्ली शिरत नसेल तिथे छन्नी घालू नका

काम निघालं की सगळंच करून टाकू, असं वाटतं. मामांनी कपाटाची किल्ली मागितली. दर्जेत टोचायची. शिरली आणि वाळू गळली तर ती दर्ज काढायची. नाही शिरली तर खडूची खूणसुद्धा करायची नाही. पूर्वेची भिंत आजोबांच्या काळच्या चुन्यावर तशीच उभी आहे, एकही दर्ज काढावी लागली नाही. चार भिंतींचं मिळून जेमतेम सव्वा भिंतीचं काम निघालं.

४. ग्राइंडर घरी ठेवून या, असं आधीच सांगा

आडवी दर्ज लांब असते, तिथे ग्राइंडर सरळ धावतो. उभी दर्ज एका विटेच्या जाडीएवढी. चाती गोल. ती उभ्या दर्जेत घातली की वरच्या आणि खालच्या विटेत घुसतेच, त्याला कारागिराचा हात कितीही चांगला असो. गावातल्या एका जुन्या बंगल्यावर दर विटेला अशा दोन दोन खाचा आहेत. एकदा डोळ्याला दिसल्या की मग दुसरं काही दिसत नाही.

आणि धूळ. वाळूतल्या सिलिकाची ती बारीक धूळ फुफ्फुसात बसते, आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला इलाज नाही. २००९ मध्ये ग्राइंडर चालवणारा पोरगा विशीतला होता, तोंडाला हातरुमाल. मी त्याला दोनदा चहा दिला. मास्क द्यावा, हे सुचलं नाही.

मामा अरुंद छन्नी आणि हलकी हातोडी वापरतात. छन्नी दर्जेपेक्षा अरुंदच पाहिजे, नाहीतर विटेची कड जाते. जुना चुना भराभर निघाला. सिमेंटने मात्र छळलं. दर्जेच्या मधोमध ड्रिलने ओळीने भोकं पाडायची, मग कडेचा माल भोकांच्या दिशेने, म्हणजे विटेपासून लांब, फोडत न्यायचा. जिथे सिमेंट विटेला घट्ट धरून होतं तिथे मामांनी हात आखडता घेतला. "हे राहू द्या. आपनहून सुटंल तवा काढू." अशा दहा-बारा करड्या रेघा भिंतीवर अजून आहेत. पाहुणे विचारतात, राहिलं का काम? मी हो म्हणते.

५. अर्धी काडी आत

जुना माल किती खोल काढायचा? दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट, असा सर्वसाधारण नियम. आमच्या दर्जा एक सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर. मामांकडे टेप होती पण ते काडेपेटीतली काडी अर्धी मोडून दर्जेत घालायचे. काडी पूर्ण आत गेली पाहिजे, आणि आतला कोपरा चौकोनी पाहिजे, गोल नाही.

मी एका दुपारी त्यांच्या नकळत एक हातभर दर्ज स्वतः भरली होती, नखभर खोल उकरून. दुसऱ्या दिवशी मामांनी नुसतं थापीचं टोक लावलं, आणि तो सगळा माल शेवेसारखा लांबच्या लांब निघून हातात आला. काही बोलले नाहीत. तो तुकडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून चहा पिऊ लागले.

६. चुन्यात पाणी ओतू नका, पाण्यात चुना सोडा

चुना म्हटलं की आपल्याला आठवते ती पानाची डबी. इथे लागतो तो कळीचा चुना. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हलकी, कोरडी कळी उरते. ती पाण्याला इतकी तहानलेली असते की पाणी मिळताच उकळते, अक्षरशः. याला चुना विरवणं म्हणतात.

मी घमेल्यात कळ्या घेऊन वरून तांब्याने पाणी घालायला लागले होते. मामा पंचवीस फुटांवरून ओरडले. नशीब. कमी पाणी, जास्त कळी झाली की ती फटाक्यासारखी उडते, आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. पत्र्याचं पिंप (प्लास्टिकचं नको, ते वाकतं), त्यात भरपूर पाणी, आणि एक एक कळी लांब दांड्याच्या पळीने हळूच सोडायची. चष्मा, हातमोजे, पायांत बूट, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. मामांचे हात साठ वर्षं चुन्यात आहेत, त्यांनी मोजे घातले नाहीत. मी वाद घातला आणि हरले. चष्मा मात्र घालायला लावला.

ताज्या कळीची खूण म्हणजे सूं सूं आवाज. दुकानात महिनोन् महिने उघडं पडलेलं पोतं असेल तर कळ्यांचं पीठ झालेलं असतं. हवेनेच ते विरलेलं असतं, पाण्यात टाकलं तरी गप्प. तसलं एक पोतं मी परत केलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हल्ली कळी मागतं कोण?"

विरवलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून आम्ही दीड महिना झाकून ठेवला. लोण्यासारखा झाला. घाई केली तर आत न विरलेले कण राहतात, ते पुढे भिंतीत विरतात आणि फुगून खपल्या काढतात.

मग वाळू. जुन्या मालाचा खडा काचेच्या वाटीत घालून वर व्हिनेगर ओतलं. फसफसलं, चुना विरघळला, आणि दोन दिवसांनी तळाशी आजोबांची वाळू उरली. मी ती भिंगातून पाहिली: जाड, बारीक, मधले, सगळ्या आकारांचे टोकदार दाणे, आणि मधूनमधून विटेचे लाल कण. ती सुरखी. भाजक्या मातीची भुकटी चुन्याशी मिळून ओलाव्यातही घट्ट होणारा माल देते. नुसता चुना त्या बाबतीत फारच मंद. मात्र सुरखीसाठी बेताची भाजलेली वीट कुटायची, जळून काळा-निळा झालेला खंगर नाही.

आम्ही ठरवलं ते प्रमाण: एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. ते आमच्या भिंतीपुरतं. घराच्या मागे आडबाजूला चार वेगवेगळ्या मिश्रणांची टिगळं लावून महिनाभर पाहिली, कारण ओला माल आणि वाळलेला माल यांच्या रंगात जमीनअस्मानाचा फरक असतो.

पूर्वी हे सगळं घाणीत मळायचे. दगडी गोल चर, त्यात बैल फिरवी ते दगडी चाक. आमच्या गावच्या एका वाड्यात चाक अजून पडलंय, पोरं त्यावर बसून मोबाइल बघतात. आम्ही पत्र्यावर घेऊन लाकडी दांडक्याने अर्धा-अर्धा तास कुटलं. पहिल्या दहा मिनिटांत माल कोरडा वाटतो, पाणी घालावंसं वाटतं. घालायचं नाही. कुटत राहिलं की तोच ओला होतो, कणकेसारखा.

७. गूळ, बेल आणि उडीद

चुन्याचं काम चाललंय कळल्यावर गावातल्या प्रत्येकाने येऊन सांगितलं: गूळ घातला का? बेलफळ? उडदाचं पाणी? हिरड्याचं? अंड्यांचा उल्लेख आईसमोर हळू आवाजात. जुन्या कामांत अशा गोष्टी घालत, आणि त्यातल्या काहींनी माल चिवट होतो हे खरंच. पण माझं मत असं, की सगळे गुळाबद्दल विचारतात आणि वाळूबद्दल कुणी विचारत नाही. मामांनी पाण्यात थोडा गूळ घातला. मी विचारलं किती, तर म्हणाले, "हिशेब न्हाई त्याला." तेव्हा मीही तो आकडा इथे लिहीत नाही.

माझी मावसबहीण गोव्यात दिलेली. तिच्या सासरच्या जुन्या घराच्या जांभ्याला शिंपल्यांचा चुना आहे. तिथे समुद्र जवळ, इथे चुनखडी. ज्याला जे जवळ.

८. भिंतीला आधी पाजा

कोरडी वीट नव्या मालातलं पाणी पाच मिनिटांत ओढून घेते, आणि माल जळतो. आदल्या संध्याकाळी, सकाळी आणि भरण्याआधी अर्धा तास, असं तीनदा पाणी मारायचं. पाईप नको, फवारणीचा पंप. दर्जा आधी कुंच्याने झाडून. भरताना भिंत ओली असावी, पण पाणी निथळत असू नये.

९. वरून खाली या, आणि नक्षी नको

वरून सुरू केलं की वरचं पाणी खालच्या ताज्या दर्जांवर ओघळायची भीती राहत नाही. उभ्या दर्जा आधी, आडव्या नंतर.

थापीने एकदम माल कोंबला की तोंडाशी भरतो आणि मागे पोकळ राहतो. मामांचं हत्यार म्हणजे दर्जेपेक्षा किंचित अरुंद अशी लोखंडी पट्टी, लोहाराकडून मूठ बसवून घेतलेली. थापीवर माल घेऊन ती दर्जेच्या तोंडाशी धरायची आणि पट्टीने तो आत लोटायचा, दाबायचा, परत लोटायचा. बोटभर थर भरला की पुढे जायचं. तो जरा आवळला की दुसरा थर. त्यांचा आवाज अजून कानात आहे: चप्, चप्, चप्, मग थापी आपटल्याचा एक टण्ण.

शेवटचा थर विटेच्या तोंडाच्या केसभर आत. आमच्या भागात दगडी घरांना फुगीर, उठावाच्या दर्जा काढायची हौस आहे, काळ्या दगडावर पांढऱ्या नागमोडी. हौसेला मोल नाही, पण प्रत्येक उठावाच्या वर पावसाचं पाणी बसतं. आणि ज्यांच्या विटांच्या कडा झिजून गोल झाल्यात त्यांनी दर्ज विटेच्या तोंडावर चोपडून घेऊ नये. दर्ज रुंद दिसते, आणि ती पातळ कड पहिल्याच पावसात सुटते.

माल ठसा घेईल पण बोटाला चिकटणार नाही एवढा आवळला की ताठ कुंच्याने ठोकायचं. ओढायचं नाही, ठोकायचं. वरची साय निघते, वाळूचे दाणे उघडे पडतात. या एका गोष्टीने नवी दर्ज जुन्यासारखी दिसते.

१०. दिवाळी ते होळी

पहिला प्रयोग मी एप्रिलमध्ये केला होता, मामा येण्याआधी, परसातल्या गडग्यावर. सकाळी भरलेला माल संध्याकाळी बोटाने चोळला तर बिस्किटासारखा चुरा. उरलासुरला त्याच आठवड्यात वळवाने धुऊन नेला.

सिमेंट पाण्याशी रासायनिक लगीन लावून घट्ट होतं. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घ्यायचा असतो, आणि तो घ्यायला अंगात ओल लागते. पुन्हा चुनखडी व्हायचा हा प्रवास तोंडापासून आत महिनोन् महिने चालतो. तापलेल्या भिंतीवर तो सुरूच होत नाही. म्हणून ऊन फार नाही, पाऊस नाही, असे चार महिने गाठायचे. भरलेल्या भागावर गोणपाट लटकवून दहा दिवस ओलसर ठेवायचं. पश्चिमेची भिंत, त्यामुळे दुपारी तीननंतर मी आणि आई आळीपाळीने पंप मारत होतो. आई ८४ वर्षांची. तिला पंप मारायला सांगितलं नव्हतं.

११. जिन्यासारखी चीर दिसली तर थापी खाली ठेवा

दर्जांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढणारी चीर हे झिजणं नव्हे. पाया खचतोय, नाहीतर कुठल्या तुळईने भार सोडलाय. ती दर्ज भरून झाकली तर घर आपल्याला सांगत असलेली गोष्ट आपणच दाबतो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण आणि तारीख, वर काचेची पातळ पट्टी सिमेंटने दोन्हीकडे चिकटवून. पट्टी तडकली की चीर जिवंत आहे. आमची तडकली, न्हाणीघराच्या कोपऱ्यावर. तिथे इंजिनिअर आला. गळका नळ जमिनीखाली पाया भिजवत होता. चीर भरायचं काम वर्षाने केलं.

पिंपळाचं रोपही असंच. नुसतं उपटून वर माल लावला की ते दुप्पट जोमाने येतं. मूळ जिथवर गेलंय तिथवर विटा सोडवाव्या लागतात.

१२. चौरस फुटावर काम देऊ नका

चौरस फुटाचा भाव ठरला की कारागीर खोलीत चोरी करणार. त्याचा दोष नाही, भाव ठरवणाऱ्याचा आहे, कारण खोली भिंतीच्या पोटात असते आणि मोजणी तोंडावर होते. मामांना मी रोज दिला, दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण. काढणं, झाडणं, भरणं, ठोकणं धरून दिवसाला २५ चौरस फूट सरासरी पडली. काही दिवस दहाच. एकदा अख्खी सकाळ त्यांनी एका विटेत घालवली. तोंड गेलेली वीट अख्खी सोडवून काढली, उलटी केली आणि मागची शाबूत बाजू पुढे करून परत बसवली. आईला ते फार आवडलं. ती शर्टाच्या कॉलरी अशाच उलटून द्यायची.

१३. उरलेला चुना टाकू नका

काम संपल्यावर पिंपात हातभर चुना उरला. मी ओतून टाकणार होते. मामा म्हणाले, "पान्याखाली ऱ्हातोय, ऱ्हाऊ द्या. जेवढा जुना तेवढा बरा." जिन्याखाली ठेवलाय. वरचं पाणी आटलं की तांब्याभर घालायचं, एवढंच.

परवाच्या पावसाळ्यानंतर पन्हळीखाली वीतभर दर्ज भुसभुशीत झालेली दिसली. किल्ली शिरली. मी अर्धी काडी मोडली, छन्नीने उकरलं, भिंत भिजवली, वाटीभर चुना काढून सुरखी-वाळूत कुटला. स्टुलावर चढून भरत होते तेवढ्यात आई दारात आली. हातात डोळ्याजवळ धरलेली सुई.

"उसवलं का परत?"

"वीतभरच."

"मग ठीक," म्हणाली, आणि दोरा ओवायला सुई माझ्यापुढे केली. माझी बोटं चुन्याने भरलेली होती, तिला थांबावं लागलं.